मेन कॅरेक्टर कोण वो?

"ताई, हे मेन कॅरेक्टर म्हणजे काय असतंय वो?"

भिंतीपलीकडून प्रश्न आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. लातूरच्या वहिनी सूप मांडीवर घेऊन ज्वारी निवडत होत्या. नांदेडच्या भाग्यनगरात आयुष्य गेलं, तरी आमच्या गल्लीत त्या लातूरच्याच. आणि त्यांना ते आवडतंही. नांदेडची कुठलीही गोष्ट चांगली निघाली की "आमच्याकडं याहून बरी मिळते" हे वाक्य ठरलेलं.

मार्च 2025 मधली गोष्ट. त्यांच्या बहिणीचं पोरगं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी त्यांच्याकडं राहायला आलेलं. शिकवण्यांसाठी गाजलेल्या 'लातूर पॅटर्न'च्या गावातलं लेकरू नांदेडला शिकायला पाठवलं म्हणून वहिनींच्या माहेरात त्यावरून बरंच महाभारत झालं होतं, पण तो विषय वेगळा. तर त्या दिवशी वहिनी त्याला म्हणाल्या, टाकी भरली बघ, मोटार बंद कर. पोरगं खुर्चीतून हललं नाही. म्हणालं, "मावशी, मी मेन कॅरेक्टर हाय. मेन कॅरेक्टर मोटार बंद करत नसतंय."

"मग कोण बंद करतंय म्हणलं, तर म्हणतो, एनपीसी! आता हे काय आणि?"

पोरगं व्हरांड्यातच होतं. मान वर न करता त्यानं समजावून सांगितलं, की व्हिडिओ गेममध्ये एक जण आपण असतो, तो हिरो. बाकी गावात उभी असलेली माणसं गेमच चालवतो. दुकानदार, गवळी, पाणी भरणारी बाई. ती एका जागी उभी राहतात, जवळ गेलं की ठरलेली दोन वाक्यं बोलतात, निघून गेलं तरी तिथंच. ते एनपीसी.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "म्हणजे मी."

"तसं नाही मावशी..."

"तसंच की रे! एका जागेवर उभी, दोनच वाक्यं. 'जेवलास का' आणि 'अभ्यास कर'."

मला हसू आवरेना. पण वहिनी थांबणाऱ्यांपैकी नाहीत. म्हणाल्या, लातूरला हिरोंची काय कमी आहे? रितेश देशमुख लातूरचाच. बाभळगावच्या विलासरावांचा मुलगा. 2014 साली 'लय भारी' आला तेव्हा लातुरात थेटरासमोर कशी गर्दी होती, ते त्यांनी हाताचे पंजे पसरून दाखवलं. त्यात तो माउली आणि प्रिन्स असा दोन-दोन माणसांचा हिरो. मग 2022 च्या डिसेंबरात 'वेड' आला, तो तर त्यानं स्वतःच दिग्दर्शित केलेला. "एकट्या लातूरनं एवढं दिलं, नांदेडनं काय दिलं सांगा बरं?"

मी म्हणाले, वहिनी, हिरोचा बाप मुख्यमंत्री असला तर माउली व्हायला फार कष्ट पडत नाहीत. (हे मी जरा हळू म्हणाले. भिंतीला कान असतात, आणि आमच्या भिंतीला तर वहिनीच आहेत.)

"मग परश्याचा बाप कोण होता?" त्यांनी उलट टोला दिला. आणि तिथून गाडी 'सैराट'वर आली, ती बराच वेळ तिथंच थांबली.

लातूरकरांना 'सैराट'चं साल विसरणं शक्य नाही. 2016. त्या वर्षी एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, घागरीवरून डोकी फुटू नयेत म्हणून. वहिनी तेव्हा माहेरी होत्या, आजारी आईजवळ. टँकर यायचा दिवस चुकला तर आठ दिवस काढावे लागायचे, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि महिनाअखेरीला, 29 तारखेला, 'सैराट' लागला. "पाण्याला रांग आन् तिकिटाला रांग. आमच्या भावजयीनं दोन्ही धरल्या. घागर मला दिली, आन् ती आर्ची बघायला गेली."

आर्ची बघायला गेली, परश्याला नाही. हे मी वहिनींच्या लक्षात आणून दिलं. सिनेमाचा हिरो कागदावर परश्या असेल, पण ट्रॅक्टर चालवत, बुलेट चालवत सगळ्या गावाला दटावणारी आर्चीच मेन कॅरेक्टर. राष्ट्रीय पुरस्कारांतही विशेष उल्लेख झाला तो रिंकू राजगुरूचाच. अकलूजची शाळकरी मुलगी ती. दोघं पळून हैदराबादला जातात, तिथून पुढचा सिनेमा तर मला जास्त खरा वाटला. तोवर ती पाटलाची लेक असते. हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या त्या खोलीत मात्र तिला कुणी ओळखत नाही. हिरोईन एकदम गर्दीतली एक होते. तिथं तिला हात देणारी शेजारीण हाच माझ्या मते त्या सिनेमातला सगळ्यात मोठा माणूस. पण तिच्या नावाचं पोस्टर कुणी लावलं नाही.

"हैदराबादच कामून, पुणं का नाही?" पोरगं मधेच बोललं.

"आपल्या लोकांना पळून जायला हैदराबादच जवळ," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यालाबी तिकडंच, पळायलाबी तिकडंच." निजाम जाऊन पंचाहत्तर वर्षं उलटली, तरी मराठवाड्याच्या पायाला तो रस्ता पाठ आहे, हे मात्र खरं.

एवढ्यात कोपऱ्यावरचे सर पिशवी घेऊन चालले होते, ते थांबले. सर म्हणजे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे जुने विद्यार्थी, कुरुंदकरांच्या हाताखालचे. विचारवंत नरहर कुरुंदकरांचं नाव निघालं की सरांची पिशवी भिंतीवर ठेवली जाते आणि भाजी कोमेजते, असा अनुभव आहे. त्या दिवशी नाव वहिनींनीच काढायला लावलं. "सर, तुम्हीच सांगा, नांदेडनं हिरो कोण दिला?"

"नांदेडनं हिरो दिला नाही," सर म्हणाले. "नांदेडनं हिरो कसा वाचायचा ते शिकवलं."

आणि पिशवी भिंतीवर आली.

सरांचं म्हणणं असं: रणजित देसाईंनी 'श्रीमान योगी' लिहिली. मराठी घरांत शिवाजी महाराज कादंबरीचे नायक म्हणून पोचले ते फार करून या पुस्तकातून. पण त्याची प्रस्तावना नांदेडच्या कुरुंदकरांनी लिहिली. ती म्हणजे देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्रच. आपल्याकडं प्रस्तावना म्हणजे लेखकाच्या गळ्यात घालायचा हार. कुरुंदकरांनी हार घातला नाही, वाद घातला. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्र्याची सुटका हे प्रसंग इतके चित्तथरारक आहेत की माणूस तिथंच अडकतो. ते सगळे बाजूला ठेवून पाहिलं, तरी हा माणूस मोठा का उरतो, हा त्यांचा प्रश्न.

"आता याच्यासारख्या पोराला विचारा," सरांनी व्हरांड्याकडं बोट केलं. "शिवाजी महाराज म्हणलं की काय आठवतंय?"

"वाघनखं," पोरगं म्हणालं.

"बघा. म्हणजे बॉस फाइट." सरांना हा गेममधला शब्द कुठून माहीत, ते देवाला ठाऊक. नातवंडं असतील.

पोरगं पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवून उठलं. मग दोघांची जी जुगलबंदी लागली, त्यात आम्ही दोघी फक्त हुंकार देत होतो.

पोरगं सांगत होतं, गेममधला हिरो म्हणजे नेमकं काय. मारिओ पहिल्यांदा 1981 साली 'डाँकी काँग'मध्ये आला, तेव्हा त्याला धड नावही नव्हतं, 'जंपमॅन' म्हणायचे. उडी मारणारा, एवढंच त्याचं चरित्र. पण लोकांना तो आवडला, कारण उडी आपण मारत होतो. मग 'काँट्रा'. हे माझ्याही ओळखीचं. माझ्या भावांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात घालवल्या. पिवळी कॅसेट आत बसेना की काढायची, खालच्या पट्टीवर फू फू करून धूळ उडवायची, परत दाबायची, टीव्हीवर मुंग्या आल्या की पुन्हा फू. त्यात एक गुपित बटणांचा मंत्र होता, तो नीट दाबला की हिरोला तीस जीव मिळायचे. एकदा मेला, उठला. दुसऱ्यांदा मेला, उठला.

"आन् तिसाव्यांदा?" सरांनी विचारलं.

"गेम ओव्हर."

"हिरो मेला की गेम ओव्हर?"

"हाव. मग काय उरतंय?"

सर असे हसले की मला कळलं, पोरगं आता सापळ्यात आलं.

"हेच कुरुंदकर सांगत होते. महाराज 1680 ला गेले. संभाजीराजांना औरंगजेबानं 1689 ला मारलं. राजाराम महाराज दूर जिंजीला, तेही 1700 ला गेले. तुझ्या हिशेबानं गेम किती वेळा ओव्हर व्हायला पाहिजे होता?"

पोरगं गप्प.

"औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला होता, आणि पंचवीस वर्षं झगडून 1707 ला इथंच, नगरजवळ, मेला. जिंकला का? नाही. मग त्याच्याशी लढत कोण होतं? हिरो तर गेलेला. लढत होते ते तुझे एनपीसी. गावातला पाटील, घोड्यावरचा बारगीर, दाणागोटा पुरवणारा कुणबी. कुरुंदकरांचा मुद्दा असा की शिवाजीचा मोठेपणा यातच बघा. राजा नसतानाही लोक लढले, कारण ते राज्य आपलं आहे, असं त्यांना वाटत होतं."

वहिनींनी ज्वारीतला खडा काढून अंगणात फेकला. "म्हणजे त्यानं सगळ्यांनाच मेन कॅरेक्टर करून ठेवलं."

सरांनी मला डोळ्यानं खूण केली. कुरुंदकर 1982 साली गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. आणि त्यांचं प्रस्तावनेतलं म्हणणं असं ज्वारी निवडता निवडता कुणी पकडलेलं पाहायला मिळणं, हे सरांना भारी वाटत असणार.

पण पोरगं हार मानणारं नव्हतं. म्हणालं, गेमही आता तसे राहिले नाहीत. पबजीत शंभर जण उतरतात, कुणीच हिरो नसतं, शेवटी उरेल तो हिरो. 2020 च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा त्याच्या वर्गातली पोरं सुतक पाळावं तशी बसली होती, आणि पुढच्या वर्षी तोच गेम 'बीजीएमआय' नावानं परत आला. आणि पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स'नं 2020 मध्येच 'राजी' नावाचा गेम काढला. त्यात हिरो मिशीवाला फौजी नाही, एक सर्कशीतली मुलगी आहे, हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली.

"भावाला शोधायला बहीण?" वहिनी खूश झाल्या. "मग तो बरा खेळ काढलाय."

मीही माझं घोडं दामटलं. म्हणाले, लातूरचं खरं मेन कॅरेक्टर तुम्ही विसरलात वहिनी. रा. रं. बोराडे. लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, नुकतेच फेब्रुवारीत गेले. 1971 साली 'पाचोळा' लिहिली. गंगाराम शिंप्याच्या घराची गोष्ट आहे ती. पण गंगाराम स्वतः ती सांगत नाही. त्याची बायको सांगते, आपल्या मराठवाडी बोलीत. नवऱ्याचा ताठा, गावातलं वैर, त्यात घराचा होत गेलेला चुराडा, हे सगळं चुलीपाशी बसून पाहिलेलं. नायक तो, पण तिनं सांगितलं नसतं तर तो कुणाला कळला असता? पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्यांत आपली बोली तोवर चार ओळी बोलून पडद्यामागं जायची. बोराड्यांनी अख्खी कादंबरी तिच्या तोंडी दिली. एका एनपीसीला.

वहिनींना माहेरच्या माणसाचं नाव माझ्या तोंडून ऐकून काय बोलावं ते सुचेना. मग सुचलं. "लातूरचंच निघालं की मग शेवटी!"

"लातूरचं आणि नांदेडचं एकत्र आलंय आता," सर म्हणाले. "तुमचा रितेश 'राजा शिवाजी' करतोय. दिग्दर्शनही त्याचंच. महाराज लातूरकर होणार पडद्यावर. नांदेडची प्रस्तावना त्यानं वाचली असली म्हणजे झालं."

"वाचली असंल की. विलासरावांच्या घरात पुस्तकं कमी होती का?"

सरांनी पिशवी उचलली. मेथी पार मान टाकून बसली होती. 'छावा' नुकताच थेटरात आला होता, लक्ष्मण उतेकरांचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. पोरगं दोनदा बघून आलं होतं आणि दोन्ही वेळा रडलं होतं, हे वहिनींनी तिथल्या तिथं जाहीर केलं.

"रडायलाच पाहिजे," सर म्हणाले. "पण तो 1689 ला संपतो. पुढची अठरा वर्षं कुणी दाखवणार का?"

"ताराराणीवर मालिका आली होती की, सोनी मराठीवर."

"ताराराणी आली. राणी आहे, येणारच. मी तिच्या फौजेतल्या बारगिराचं विचारतोय. ज्याचं नाव बखरीत नाही त्याचं."

"त्याच्यावर कोण पैसे लावंल वो सर?" वहिनी म्हणाल्या. "हिरो कोण घ्यावा त्याच्यात?"

पोरगं म्हणालं, सिनेमा नका काढू, गेम काढा. हजार जण एकदम खेळतील, कुणालाच माहीत नसंल राजा कुठंय. सरांनी त्याच्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं आणि विचारलं, "तू नीटच देणार आहेस ना? का दुसरं काही डोक्यात आहे?"

"सर, तुम्ही आता त्याला काही सुचवू नका," वहिनी एकदम उठल्याच. "आमच्या बहिणीनं दोन लाख भरलेत."