परसातील कोंबड्या : पालकांसाठी काही मार्गदर्शक सूत्रे

परसातील कुक्कुटपालन म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा आणि घरधन्याची सहनशीलता एवढ्या भांडवलावर चालणारा उद्योग होय. कोकणात हा उद्योग बहुधा घरातल्या बाईच्या ताब्यात असतो. अंड्यांचे पैसे तिच्या डब्यात जमा होतात आणि शेजाऱ्याच्या मुळ्याच्या वाफ्यात झालेल्या उकराउकरीबद्दलचे बोलणे मात्र पुरुषाच्या खात्यावर पडते, ही वाटणी कोणी कागदावर लिहून ठेवलेली नसली तरी ती सहसा मोडली जात नाही.

आरंभी वाणाची निवड करावी. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, तर गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित वाण, म्हणजे संशोधन संस्थांनी परसासाठीच तयार केलेल्या कोंबड्या, शंभराचा आकडा ओलांडू शकतात. तथापि सुधारित कोंबडी स्वतःच्या अंड्यांवर बसण्यास सहसा राजी नसते, त्यामुळे तिची पिल्ले काढण्यासाठी पुन्हा गावठी कोंबडीच्याच पाया पडावे लागते.

या शास्त्राचा गाभा सकाळच्या चाचपणीत आहे. खुराडे उघडताच प्रत्येक कोंबडी डाव्या काखेत धरून शेपटीखाली बोटाने चाचपावी. टणक कवच हाताला लागले तर ती आज अंडे घालणार असे समजून तिला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या उपड्या टोपलीखाली, झाकून ठेवावे. हा आगाऊपणा अकारण नाही. एक अंडे पोटात तयार होण्यास साधारण पंचवीस तास लागतात आणि त्यांपैकी वीसेक तास नुसत्या कवचावर खर्च होतात, त्यामुळे कोंबडीची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते, आणि दुपार फार कलली की ती सरळ एक दिवसाचा खाडा करते. ज्याने चाचपणीचा कंटाळा केला, त्याला पुढचा दिवस गवताच्या उडवीत, लाकडांच्या माचीखाली आणि क्वचित स्वतःच्याच छत्रीत अंडी शोधण्यात घालवावा लागतो. अंडे घातल्यावर कोंबडी जो कलकलाट करते, त्याच्या दिशेने धावण्यात अर्थ नसतो, कारण ती बहुधा जागेपासून दूर आल्यावरच तोंड उघडते. चोरटी जागा सापडलीच तर सगळी अंडी उचलू नयेत. कोळशाने खूण केलेले एक अंडे तिथे राहू द्यावे, म्हणजे आपली लबाडी उघडी पडली हे कोंबडीच्या लक्षात येत नाही, निदान तसे ती दाखवत नाही.

खाद्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. कणी, कोंडा, खरकटे आणि परसातले किडे यांवर कळप पोसला जातो. दात नसल्यामुळे कोंबडी खडे गिळते आणि पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत त्यांच्या साह्याने दाणे दळून घेते. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्यावा. अंड्याची टरफले द्यायची झाल्यास ती ओळखू येणार नाहीत इतकी कुटावीत, अन्यथा कोंबडीला चव कळते आणि मालक व कोंबडी एकाच मालाचे गिऱ्हाईक होतात.

कळपात कोणी कोणाला टोचावे याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरप-एबे यांनी १९२१ च्या सुमारास तो शास्त्रीय रीतीने मांडला. कोकणातल्या सासुरवाशिणींना तो बहुधा आधीच माहीत असावा. नवी तलंग, म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेली कोंबडी, कळपात सोडायची असल्यास रात्री अंधारात सोडावी, म्हणजे तिची पहिली ओळखपरेड निदान सकाळपर्यंत लांबते.

खुडूक कोंबडी हे या विषयातले सर्वांत अवघड प्रकरण होय. खुडूक होणे म्हणजे अंडी घालणे थांबवून, पिसे फुलवून, खाली अंडे असो वा नसो, जागेवर ठाण मांडणे. अंडी असतील तर एकवीस दिवसांत पिल्ले निघतात आणि प्रकरण आपोआप निकालात निघते. अंडी नसतील तर तिला गार पाण्यात बुडवणे, नाकात पीस खोवणे असे उपाय परंपरेने सांगितले आहेत. त्यांत कोंबडीचे हाल होतात आणि उपाय करणाऱ्याच्या हाताला टोचे बसतात, याखेरीज त्यांची खात्री देता येत नाही. हवा खेळती राहील अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तिला काही दिवस दाणापाण्यासह ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

राणीखेत, ज्याला मानमोडी असेही म्हणतात, हा रोग मात्र चेष्टेचा विषय नाही; तो आला की अख्खे खुराडे रिकामे होऊ शकते, म्हणून पिल्ले आठवड्याची होण्याच्या सुमारास लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकून घ्यावा आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाला विचारून द्याव्यात.

तिन्हीसांजेला कोंबड्या अंधुक उजेडात फारसे दिसत नसल्याने आपणहून परततात, आणि त्या झाकताना मोजणे आवश्यक असते. एक कमी भरल्यास मुंगुसावर आळ घेण्यापूर्वी फणसाच्या फांदीवर बॅटरी मारून पाहावी. जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना आदल्या दिवशीच निरोप धाडण्याची विनंती करावी, कारण दिवसाढवळ्या कोंबडी पकडण्यासाठी वाडीतली चार पोरे लागतात आणि त्यांनाही मग जेवायला थांबवावे लागते.