एका नगाची किंमत

फुलपाड्यात शांतता कधी असते, ते मी घड्याळ लावून सांगू शकतो. शेवटची विरार लोकल रिकामी होऊन तिच्यातली माणसं शेअर रिक्षांनी पांगली, की तिथपासून पहिली लोकल पकडणाऱ्यांचे गजर वाजेपर्यंत. मधे उरतं तेवढंच आपलं. नवरात्रात जीवदानीच्या पायथ्याशी तेवढंही उरत नाही आणि लग्नसराईत हळदीचा डीजे उरू देत नाही.

मला हे ठाऊक आहे, कारण मी लोकांचे आवाज निवडतो. तांदूळ निवडतात तसे. दिवसा हिशोबनीस, रात्री कुणी रेकॉर्ड केलेल्या कथा, कुणाची व्याख्यानं, एखाद्या मंडळाचं निवेदन समोर घेऊन बसतो आणि त्यातले खोकले, ‘अं अं’, कुकरच्या शिट्ट्या काढून देतो. पैसे बेताचे मिळतात, पण खोकला नेमका कापला गेला की फार बरं वाटतं.

हे सगळं मी इतकी वर्षं घरातल्या होम थिएटरवर करत होतो. त्याच्या खोक्यावर ‘२००० वॅट पीएमपीओ’ असं छापलं होतं. आमची इस्त्री हजार वॅटची. म्हणजे दोन इस्त्र्यांइतकी ताकद त्या करंगळीएवढ्या वायरीतून येत होती, यावर आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. पीएमपीओ या आकड्याला कसलंच प्रमाण नसतं, तो कारखानदाराच्या मनाच्या मोठेपणावर असतो, खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग निघणाऱ्या ताकदीचा, हे मला फार उशिरा कळलं. त्याहून उशिरा कळलं ते हे, की त्या पेटीतला वूफर सगळ्यांनाच भारदस्त करत होता. किरकोळ आवाजाचा माणूसही त्यातून सरसेनापतीसारखा बोलायचा. मला वाटायचं, याच्या आवाजात खर्ज फार झालाय. मी तो कापायचो. फाइल पाठवली, की समोरचा मोबाइलवर ऐकून विचारायचा, ‘हे पत्र्याच्या डब्यात बसून बोललेत का?’ ज्या चमच्यालाच मीठ लागलंय त्याने आमटी चाखून मीठ बेताचं घातलं, तर जेवणाऱ्यांच्या वाट्याला अळणीच येणार.

तेव्हा खरं बोलणारा स्पीकर घ्यायचं ठरलं. एका ठरावावर दोन सह्या हव्या होत्या. बायकोची अट होती, की घरात गाणीही त्याच्यावरच वाजली पाहिजेत. ‘अहो, नुसते खोकले ऐकायला एवढे पैसे घालायचे का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथेच गोम आहे. गाणी ऐकायचा स्पीकर आणि आवाज निवडायचा स्पीकर हे दोन वेगळ्या स्वभावाचे प्राणी. पहिला पाहुण्यासारखा, सगळं छान आहे म्हणणारा. दुसरा म्हणजे आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एक काका असतो तसा. एरवी जेवायला त्यांना कुणी बोलवत नाही, पण स्थळ बघायला जाताना त्यांच्याशिवाय पान हलत नाही. यामाहाने १९७८ साली एनएस-१० नावाचे स्पीकर काढले ते घरात ऐकणाऱ्यांसाठी. घरात ते कुणाला फारसे रुचले नाहीत: खर्ज कमी, वरचा सूर टोचणारा. पण स्टुडिओवाल्यांनी तेच उचलले, कारण त्यांच्यावर जे बरं वाजेल ते कुठेही बरं वाजेल. फारच टोचायला लागले तर इंजिनिअर ट्वीटरवर, म्हणजे वरचा सूर काढणाऱ्या छोट्या पडद्यावर, टिश्यू पेपर चिकटवायचे, पण काकांना हलवायचे नाहीत. २००१ साली त्यांचं उत्पादन थांबलं, तरी काळ्या खोक्यातला तो पांढरा पडदा अजून कित्येक स्टुडिओंत दिसतो.

शनिवारी अर्धी रजा टाकून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण वायर घ्यायला जाणारा लॅमिंग्टनलाच जातो. दुकानात शिरलं की दुकानदार स्वतःचं गाणं लावतो. त्या गाण्यावर तर पत्र्याची पेटीही नाचेल. शिवाय महागड्या जोडीचा आवाज हळूच एक बोट वर असतो. कानाचा जन्मजात दोष असा, की जरा मोठं वाजलं की त्याला ते जास्त चांगलं वाटतं. मी हे वाचून गेलो होतो. म्हणून स्वतःचं रेकॉर्डिंग नेलं होतं: आईचा आवाज. ती स्वयंपाकघरात बसून माहेरची गोष्ट सांगतेय, असं चार मिनिटांचं. ज्याचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय त्याच्यावरून स्पीकर पारखावा, हे माझं तत्त्व.

पहिल्या जोडीवर आई कीर्तनकार झाली. दुसरीवर तिला सर्दी झाली. तिसरी जोडी लावली, सव्वा मिनिट गेलं आणि दुकानाच्या मध्यातून ती म्हणाली, ‘अरे, गॅस बंद केलास का?’ काउंटरमागचा पोऱ्या चटकन मागे वळला. तिथे गॅस नव्हता, सोल्डरिंग आयर्न होती. पण त्याने ती बंद केली.

तीच जोडी घेतली. पाच इंची वूफर, अँप्लिफायर आतच. भाव विचारला, पटला, पाकीट काढलं. मग दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘साहेब, हा एका नगाचा.’ या धंद्यात स्पीकर सुटे विकतात, चपलेचा एकेक पाय विकावा तसे. मी घरी फोन केला आणि बायकोला किंमत सांगितली. खरी सांगितली. एका नगाची सांगितली.

दोन खोकी घेऊन विरार फास्टमध्ये चढणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दादरला मी चढलो नाही, चढवला गेलो. एक खोकं रॅकवर, एक पोटाशी. शेजारी भजनी मंडळ होतं. ‘काय आहे आत?’ ‘स्पीकर.’ ‘कशाला?’ असं विचारून त्यांनी टाळ उचलले. भाईंदर गेलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, खालचा खडखडाट पोकळ झाला आणि एकाने डब्याच्या पत्र्यावर तळहाताने ठेका धरला. इतका भरीव खर्ज माझ्या पोटाशी धरलेल्या खोक्यातून पुढे कधी निघाला नाही. पण तो पत्रा रेल्वेचा होता. विरारला रिक्षावाल्याने खोक्यांच्या दोन सीटांचे पैसे घेतले.

घरी खरी परीक्षा. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, ट्वीटर कानाच्या पातळीत हवा, पेटी कोपऱ्यात नको. आमच्या हॉलमध्ये कोपऱ्याशिवाय काही मोकळं नसतं, आणि एका कोपऱ्यात देव आहेत. शेवटी टेबल खोलीच्या मध्यावर ओढलं. उंचीसाठी स्टँड मागवणार होतो, पण दोन्ही बाजूंना दिवाळी अंकांचे गठ्ठे रचले. बावीस वर्षांचं साहित्य एका बाजूला, एकवीस वर्षांचं दुसऱ्या बाजूला. एक अंक कुणी वाचायला नेलाय. त्या वर्षाइतका उजवा स्पीकर अजून खाली आहे.

आणि मग खर्जच ऐकू येईना. मी वाढवला. अजून वाढवला. भिंतीला लागून असलेल्या दिवाणावरून आई म्हणाली, ‘अरे, पोटात गोळा येतोय.’ मी म्हटलं, काहीच तर वाजत नाहीये. लोखंडी कपाट थरथरत होतं. शोध घेतला तेव्हा उमगलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. दहा फुटी खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज कोंडतो. तो खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीशी साठतो. म्हणजे मी ऐन दुष्काळी पट्ट्यात बसलो होतो आणि आई धरणाच्या भिंतीपाशी. पापडखिंडीचं धरण जवळ असून इकडे नळाला पाणी कधी येतं ते विचारू नये, तसलाच प्रकार. टेबल अडीच फूट सरकवलं, भिंतीवर गोधड्या टांगल्या. गोधडीने खर्ज हलत नाही, पण खोलीतला टणटणाट गेला. पाहुणे विचारतात, घरात कुणी अंथरूण ओलं करतं का.

त्या रविवारी उद्‍घाटन म्हणून आईच्या आवडीचं जुनं गाणं लावलं. ती पदर सावरून बसली. कडव्याच्या आधी थांबली आणि म्हणाली, ‘ही दमलीये रे. श्वास ऐकू येतोय बघ.’ तो श्वास त्या गाण्यात पन्नासेक वर्षं होताच, आमच्या होम थिएटरने झाकून ठेवला होता. बायकोला तबल्यामागची खरखर ऐकू आली. मला तर फाइल किती आवळलीये ते ऐकू आलं, झांजा पाण्यात बुडल्यासारख्या. तीन माणसं गाणं सोडून त्यातले खडे वेचत बसली. संध्याकाळी बायकोने तिचा जुना ब्लूटूथ डबा ओट्यावर नेऊन ठेवला आणि त्यावर तेच गाणं लावून पोळ्या केल्या. आई आत जाऊन बसली.

मला अपमान वाटायला हवा होता. पण स्टुडिओवालेही हेच करतात. मोठ्या स्पीकरांशेजारी ते ऑराटोनसारखा एकाच पडद्याचा चौकोनी डबा ठेवतात. घरच्या रेडिओवर, टीव्हीवर काय ऐकू जाईल ते त्याच्यावर कळतं. माझा ऑराटोन तिखटमिठाच्या डब्याशेजारी आहे, त्याला हळद लागलेली आहे आणि तो चालवणारी बाई माझ्याहून कडक आहे. आता कुठलीही फाइल पाठवायच्या आधी मी ती ओट्यावर वाजवतो.

परवा एका मंडळाचं निवेदन होतं. रात्रभर बसून खोकले काढले, श्वास बेतात ठेवले, त्रिकोणाच्या टोकाला बसून तीनदा ऐकलं. निर्दोष. सकाळी ओट्यावर लावलं. फोडणी पडली, मिक्सर फिरला, खाली टँकरवाल्याने हॉर्न दिला.

‘अहो, शनिवारी म्हणाला की रविवारी?’

मी पुन्हा टेबलाशी येऊन बसलो.