निष्कर्ष आधी, प्रयोग नंतर

विज्ञान प्रदर्शनाची तारीख शाळेच्या फळ्यावर लागली की स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोल मागणाऱ्यांची गर्दी होते, आणि त्या गर्दीतले बहुतेक विद्यार्थी चाळिशीचे असतात. कुणाला सौरऊर्जेवरचं गाव उभं करायचं असतं, कुणाला छतावरचं पाणी साठवणारी शाळा. सर्वात जास्त थर्माकोल 'पर्यावरण वाचवा' या विषयाला लागतो. राज्य सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि मखरांवर बंदी आणली. बाप्पा निमूटपणे कागदी मखरात जाऊन बसले. विज्ञान मात्र अजून थर्माकोलवरच उभं आहे.

ज्यांच्या घरी यंदा हा प्रसंग पहिल्यांदाच ओढवला आहे, त्यांना एकच सांगतो. मुलाला विषय निवडू देऊ नका. मूल निवडायला गेलं की विचारतं, "मुंग्या आधी साखरेकडे जातात की गुळाकडे?" आता याचं उत्तर घरात कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय ते शोधायला साखर, गूळ आणि मुंग्या एवढंच पुरतं, आणि तिन्ही गोष्टी स्वयंपाकघरात आधीच हजर असतात. ज्या प्रकल्पाला खर्च नाही, त्याला शाळेत कोण विचारतो? आणि समजा, मुंग्यांनी ऐन परीक्षकांसमोर मत बदललं तर?

त्यापेक्षा ज्वालामुखी बरा. शाडूचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो, पालक मोबाइल वर धरतात, परीक्षक दोन पावलं मागे सरकतात. गंमत अशी, की महाराष्ट्राचा बराचसा भाग मुळात लाव्हाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून बाहेर आला, पसरला, थरावर थर साचत गेला. सह्याद्रीच्या कातळाच्या पायऱ्या त्याच्याच, त्यावरचे किल्ले त्याच्यावरच उभे आणि अजिंठ्याची लेणीही त्यातच कोरलेली. टोकदार डोंगरातून धूर सोडणाऱ्या जपानी थाटाच्या ज्वालामुखीचा या कामात फारसा हात नव्हता. पण आपल्याच अंगणातला खरा प्रकार करून दाखवायचा, तर सपाट जमिनीला एक लांब भेग पाडावी लागेल, आणि ती बघून परीक्षकांना विज्ञानाऐवजी सार्वजनिक बांधकाम खातं आठवेल.

लिंबाची वीजही चालते. लिंबात एकीकडे जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि दुसरीकडे तांब्याची तार खोचली की साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. एवढ्यावर साधा लाल एलईडीसुद्धा लागत नाही, म्हणून तीन-चार लिंबं ओळीने जोडावी लागतात, तेव्हा कुठे तो मिणमिणतो. तक्त्यावर मात्र ठळक अक्षरांत 'लिंबू : उद्याची ऊर्जा' असं लिहिलेलं असतं. खरं तर वीज झिजणाऱ्या जस्ताच्या जिवावर मिळते, लिंबू हा फक्त मधला दलाल. झिजणाऱ्याने झिजावं आणि नाव दलालाचं व्हावं, हे मुलांना सातवीतच कळलेलं बरं, त्यामुळे या प्रयोगाचं शैक्षणिक मूल्य मी नाकारत नाही.

सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा जेसीबी, झालंच तर चांद्रयान, हे बाजारात तयार मिळतात. त्याबद्दल काय लिहायचं? बिल तेवढं मुलाच्या दप्तरात राहू देऊ नका.

आता सादरीकरण. "नमस्कार, माझ्या प्रकल्पाचं नाव..." इथपासून "...धन्यवाद" इथपर्यंत मजकूर एका दमात पाठ हवा. मध्येच कुणी काही विचारलं तर मूल थांबतं, छताकडे बघतं आणि पुन्हा "नमस्कार"पासून सुरुवात करतं. हे माहीत असल्यामुळे अनुभवी परीक्षक काही विचारत नाहीत. त्यांनाही जेवणाआधी सगळी टेबलं उरकायची असतात आणि नंतर शाल-श्रीफळासाठी व्यासपीठावर हजर राहायचं असतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका प्रदर्शनात सातवीतली एक मुलगी थर्माकोल न घेता आली. तिच्या टेबलावर एक ताटली, रंगीत पाणी, काचेचा ग्लास, तीन मेणबत्त्या, पट्टी आणि खाडाखोड केलेली वही. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी आत चढतं, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे. त्याचं उत्तरही पाठ आहे: हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश, तो जळून संपतो, त्याची जागा पाणी घेतं. परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "सर, एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या तर पाणी जास्त चढतं. ग्लास तोच, हवा तेवढीच. मग जास्तीचा ऑक्सिजन आला कुठून?"

परीक्षकांनी मार्गदर्शक शिक्षकांकडे बघितलं. शिक्षकांनी ग्लासाकडे बघितलं.

मुलगी थांबायला तयार नव्हती. ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर मात्र एकदम वर येतं; ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात; म्हणजे हवा तापून फुगते, थोडी निसटते आणि उरलेली गार होताना आक्रसते, असं तिचं म्हणणं. आणि ते बरोबर आहे. मेणबत्ती विझते तेव्हा आतला बराचसा ऑक्सिजन शिल्लकच असतो, आणि जो जळतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतोच. एक-पंचमांशाचा हिशेब जुळला तर तो योगायोग. तरी पिढ्यान्‌पिढ्या तो जुळवला जातोय, कारण उत्तर छापलेलं असलं की पट्टीही समजूतदारपणे वागते. या पोरीने मात्र दर वेळी वेगळा आलेला आकडा जसाच्या तसा वहीत उतरवला होता. घरात कुणी मोठं माणूस नव्हतं की काय, कोण जाणे.

१८६० साली नाताळच्या सुट्टीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी मुलांसाठी एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानांची माला सुरू केली होती. आपल्या तालुक्यात त्यांना उत्तेजनार्थ मिळालं असतं, तेही संस्थाचालकांची ओळख असती तर.

पहिला क्रमांक ज्वालामुखीला गेला. मुलीच्या गुणपत्रिकेवर 'टापटीप' आणि 'समाजोपयोगिता' या रकान्यांत शून्य होतं, आणि खाली लाल शाईत शेरा: "पाणी चढण्याचे प्रमाण प्रत्येक वेळी वेगळे येते. पुढील वर्षी निश्चित करून आणावे. तसेच मेणबत्त्या थर्माकोलवर बसवाव्यात."