कोकलणारं कपाट

फ्यूम हूडचा अलार्म नेमका कधी वाजावा, याबद्दल आमच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये एकमत होणं कठीण आहे. एचओडी सर म्हणतात, वाजलाच पाहिजे, इन्स्पेक्शन आहे. पीएचडीची पोरं म्हणतात, कॉलम लावलेला असताना वाजता कामा नये. आणि ज्यांचं उभं आयुष्य ॲसिडच्या वासात गेलं ते लॅबचे मामा म्हणतात, वाजवायचंच आहे तर जरा बरं काहीतरी वाजवा.

मला 'इन्स्ट्रुमेंटमधलं कळतं' अशी एक जुनी अफवा आहे. त्यामुळे कंट्रोलरची सेटिंग्ज माझ्याकडे आली.

तसं प्रकरण साधं. गच्चीवरचा ब्लोअर हूडमधली हवा ओढतो, पुढे वरखाली सरकणारी काच, म्हणजे सॅश. सॅशखालच्या उघड्या तोंडातून हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. अर्धा मीटर म्हणजे ताशी 1.8 किलोमीटर, ढोलताशावाली वरात याच चालीने सरकते. मागून कुणी घाईघाईने गेला, तर तो हवेच्या दुप्पट-तिप्पट वेगात असतो आणि आतल्या वाफा आपल्यासोबत बाहेर ओढतो. पण हे मामांना पटत नाही. "मग ब्लोअर जोरात लावा की," ते म्हणतात. जोरात लावला की सॅशच्या कडेला भोवरे होतात आणि वाफा उलट बाहेर येतात, हे मी सांगून पाहिलं. जास्त दिल्यावर कमी मिळतं, हे त्यांना फक्त पगारवाढ आणि इन्कम टॅक्सच्या बाबतीत मान्य आहे.

कॅलिब्रेशनसाठी सॅश दीड फुटावर ठेवली, उघड्या तोंडाचे सुतळीने नऊ चौकोन पाडले आणि प्रत्येकात ॲनिमोमीटर धरला. 0.52, 0.49, 0.51... उजव्या कोपऱ्यात मात्र 0.31. वाकून पाहिलं, तर मागच्या बॅफलच्या फटीपुढे अडीच-अडीच लिटरच्या सॉल्व्हंटच्या बाटल्यांची भिंत. त्यामागे एक टिफिनही. हूडचं गोडाऊन होणं हा या देशातल्या प्रत्येक हूडचा प्रारब्धभोग असावा. टिफिनचा मालक अजून पुढे आलेला नाही. भाजी कसली होती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बाटल्या हलल्या, आकडा सुधारला. मग लो अलार्म 0.4 वर ठेवला. खरी डोकेदुखी पुढेच: डिले. शून्य ठेवला, तर कुणी दार उघडलं तरी पीं पीं. मिनिटभर ठेवला, तर कंट्रोलरच्या आधी नाकालाच कळेल. शेवटी दहा सेकंदांवर तडजोड केली. म्यूट दाबल्यावर पाच मिनिटांनी बझर आपोआप परत वाजेल, असंही करून ठेवलं. पोरांनी त्याच दिवशी बझरच्या भोकावर सेलोटेप लावली. संशोधनाची गती आपल्याकडे कमी आहे, असं कोण म्हणतं?

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. लाइट गेली की ब्लोअर बंद आणि बॅटरी नसलेला आमचा कंट्रोलरही बंद. म्हणजे ज्या क्षणी आरडाओरडा करायचा, नेमका त्याच क्षणी हा महाशय मौनात. म्हणून सॅशच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची बोटभर पट्टी चिकटवली. आत झुकली की हवा चालू, लोंबकळली की हात बाहेर काढा आणि सॅश खाली. तिला पासवर्ड लागत नाही, म्यूटही करता येत नाही. एचओडी सरांना ती दिसायला गरीब वाटते. इन्स्पेक्शनच्या दिवशी काढून ठेवा म्हणाले.

मे महिन्यात नवा पेच आला. भर दुपारी, मी कॅन्टीनमध्ये असताना, मामांचा फोन.

"सर, कपाट कोकलतंय. आकडा पॉइंट पाचवरून पॉइंट तीन, परत पॉइंट पाच. नुसता झोके घेतोय."

"वरचा सीलिंग फॅन चालू आहे का?"

"फुल्ल."

"तोच झोत मारतोय हूडच्या तोंडावर. बंद करा."

फोनवर थोडा वेळ नुसती पीं पीं.

"सर, एचओडी सर फॅनखालीच बसलेत. त्यांना तुम्ही सांगता, का मी कपाटच बंद करू?"