प्रवेश-समुपदेशकांस अनावृत पत्र

मा. प्रवेश-समुपदेशक महोदय,


ऑनलाइन एम.बी.ए.चा चौकशीअर्ज भरला आणि चहा निवायच्या आत तुमचा फोन आला. मग तो मीटिंगमध्ये आला, लोकलमध्ये आला, मावशीच्या तेराव्यालाही आला. ‘सर, सवलत फक्त आजच!’ तो ‘आज’ चांगला पंधरवडाभर चालला. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची, हे यूजीसीने 2022 मध्ये जाहीर केलेले पत्रकही तुम्ही पुनःपुन्हा पाठवलेत. आपली एवढी काळजी आजवर कोणी केली नव्हती. भारावून फी भरली आणि त्या संध्याकाळपासून तुमचा फोन मुका झाला.

पहिली असाइनमेंट राहिली तेव्हा वाटले, आता नक्की विचाराल. आम्ही शेवटचे लॉगिन कधी केले, हे तुमच्या यंत्रणेला ठाऊक असते म्हणे. घरचे विचारत नाहीत. त्यांच्या लेखी आम्ही ‘मोबाइलवर’ असतो. ऑफिसात साहेबांना पदवी चालते, अभ्यासाची रजा चालत नाही. आणि तुमचे ते ‘कधीही शिका’ म्हणजे रात्री साडेअकरानंतर, पोरे झोपल्यावर, दीडपट वेगाने, डुलक्या घेत.

सवड फार दिली की माणूस सुस्तावतो. इग्नूत दोन वर्षांच्या एम.ए.ला चार वर्षे मिळतात. पुष्कळांना जाग चौथ्या वर्षी येते. उलट अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने 2014 मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली, तिथे पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत विषय किमान ‘बी’ श्रेणीत काढावेच लागतात. घाई त्यांनाही असते, पण अभ्यासाची.

आमची तुकडी तगली ती अकोल्याच्या एका बँकेतल्या बाईंमुळे. दर रविवारी त्यांचा व्हॉट्सॲपवर हुकूम सुटतो: ‘रात्री नऊला सगळे हजर. कोणाचे काय राहिले ते सांगा.’ न सांगणाऱ्याला त्या थेट फोन करतात. मार्केटिंगचा प्रकल्प अर्धवट टाकलेले दोघे त्या फोनच्या धाकाने परत आले. बाईंना याचा पगार नाही, टार्गेट नाही, इन्सेंटिव्ह नाही. तुम्हाला तिन्ही आहेत.

तेव्हा विनंती एवढीच, की तुमचे टार्गेट प्रवेशांवर न मोजता उत्तीर्णांवर मोजायला साहेबांना सांगा.

आपला,
फी भरलेला विद्यार्थी

ता. क. उत्तर फोनवरच द्या. सवलत नको, असाइनमेंटची शेवटची तारीख सांगा.