चारपर्यंत अभ्यास करतो हो आमचा!

अहो, ऐकलंत का? इकडे सरका जरा, भिंतीशी. शेंगा सोलताना हात थांबवू नका, नाहीतर समोरच्या काकूंचे कान लगेच टवकारतात.

तर कोपऱ्यावरच्या वहिनी. दिवाळीपासून काय मिरवत होत्या! भिशीत तेच, हळदीकुंकवाला तेच, गिरणीत दळण टाकायला गेलं तरी तेच. "बारावीचं मनावर घेतलंय हो त्यानं. पहाटे चारपर्यंत लाईट चालू असतो. जेवणाचीसुद्धा शुद्ध नसते, वाळलाय नुसता." आणि आपण बसलोय माना डोलवत. माझ्या पोरीला मी तर टोमणाही मारला, बघ म्हटलं, शीक काहीतरी...

मग वहिनींची अंगठी गेली. नाव कुणावर? भांडीवाल्या मावशींवर! ती बाई आई भवानीची शपथ घेत, रडत गेली बिचारी. अंगठी निघाली सराफाकडे, आणि पोराच्या दप्तरात निघाली पुडी. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ती नशेची पावडर. डॉक्टर म्हणाले, यानं झोप उडते, भूक मरते, माणूस बसल्या जागी दात खातो. म्हणजे चारपर्यंतचा अभ्यास तो होता! वहिनींचा चेहरा असा उतरला, की मला हसूही येईना आणि धीरही देता येईना. मावशींना मात्र अजून कुणी परत बोलावलं नाही, ते जाऊ द्या.

आता म्हणाल, आपल्या धाराशिवला एमडी? अहो, तुळजापूर काय लांबंय? 2025 च्या फेब्रुवारीत तामलवाडी पोलिसांनी एमडी नेणाऱ्यांना पकडलं तेव्हा आपल्याकडे सगळ्यांचं एकच, "बाहेरगावचे असतील." माल मुंबईहून यायचा म्हणे. मग आरोपींची यादी वाढत वाढत तिशीपार गेली, आणि त्यात पुजारीसुद्धा! खरंखोटं कोर्ट ठरवेल, पण आमच्या सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्याआधी 2023 ला सोलापूरच्या चिंचोली एमआयडीसीत एमडीचा कारखाना सापडला होताच की. त्या वेळी आपण पेपर वाचला आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

तर काय सांगत होते... हां, आईबाप कळल्यावर काय करतात ते.

वहिनींच्या घरी काय झालं? भाऊजींनी पट्टा काढला. इतकं मारलं, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी पोरगं मामाकडे लातूरला. आम्हाला काय सांगितलं? "क्लास चांगले आहेत तिकडे." अहो, लातूरला क्लास आहेत तसं तिथं बाकीचं मिळत नाही का? वहिनींनी नवस बोलला, अंगारा लावला, सगळं केलं. डॉक्टरकडे दुसऱ्यांदा काही नेलं नाही. का, तर वेटिंगला कुणी ओळखीचं भेटलं तर!

बँकेतल्या साहेबांची तर आणखीनच गंमत. दर शनिवारी गच्चीवर मित्रांना घेऊन 'बसतात', चकणा आतून बायको तळून देते. पोरानं मित्राच्या बड्डेला बिअर घेतली, तर साहेब भडकले. संस्कार, खानदान, आजोबा वारकरी, सगळं काढलं. पोरगं म्हणे शांतपणे म्हणालं, "पप्पा, तुम्ही घेतली की बसणं, मी घेतली की वाया जाणं?" साहेबांचा चेहरा! बायको आत गेली ती बाहेरच येईना. कायद्यानं आपल्या राज्यात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात, हे खरं. पण ते साहेबांनी सांगायचं कोणत्या तोंडानं?

आणि आता ऐका, खरी बातमी ही. गुरुजी माहितेत ना, मागच्या गल्लीतले? गरीब माणूस. त्यांच्या पोराच्या खिशातही पुडी सापडली. गुरुजींनी मारलं नाही, ओरडले नाहीत. दार लावून घेतलं आणि विचारलं, "कधीपासून? कुणाकडून? पैसे किती द्यायचेत?" तिसरा प्रश्न ऐकून पोरगं ढसाढसा रडलं म्हणे. उधारी झाली होती, विकणारा धमकावत होता. चोरी का होते, ते आता कळलं का? दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याला घेऊन सरळ सिव्हिलला. रांगेत उभे, सगळ्यांसमोर! कुणीतरी कुजकटपणे विचारलं, "काय गुरुजी, कुणाचं दुखतंय?" गुरुजी म्हणाले, "लेकराला व्यसन लागलंय, उपचाराला आणलंय." विचारणाऱ्याचाच चेहरा पडला हो.

पोलिसांची भीती? मीही विचारलं. तर नुसतं घेणारं पोरगं थोड्याशा मालासह सापडलं आणि स्वतःहून उपचाराला तयार झालं, तर त्याला खटल्यातून सूट मिळायची सोय अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, 64 अ कलम. विकणाऱ्याला नाही हं. उलट लहान लेकराला दारू नाहीतर नशा देणाऱ्याला बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे घाबरायचं कुणी आणि घाबरतंय कोण!

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र ऐकलंय ना? तेही गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या दिवसांतलं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, पैसे दिले, आणि 1986 ला डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. चाळीस वर्षं झाली की आता. तेव्हाही आईबाप हेच म्हणत असतील, "आमचा नाही हो तसा, संगत वाईट." अहो, प्रत्येक घरी संगत वाईट, मग ती वाईट संगत राहते कुणाच्या घरी?

तर काय सांगत होते... वहिनींच्या पोराचं. मामाचा फोन आला म्हणे काल. तिथंही रात्री चारपर्यंत लाईट चालूय. वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या, चहा तसाच निवला. मी काही बोलले नाही, गुरुजींकडून घेतलेला नंबर तेवढा हातात ठेवला. सरकारी आहे, व्यसनमुक्तीचा, फोनला पैसे पडत नाहीत. तुम्हीही लिहून घ्या, घरात गरज नसली तरी. 14446.