पदपथावरून चालण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. दुचाकीस्वार महोदय / महोदया,
(चेहऱ्याला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल आणि हातांत कोपरापर्यंत मोजे असल्यामुळे नेमके काय लिहावे ते कळले नाही. लागू नसेल ते खोडावे.)
मुक्काम पदपथ, पुणे.

विषय: आपल्या पदपथावरून अधूनमधून चालण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपण माझ्या पाठीमागे वाजवलेला हॉर्न, व त्यानंतरची ‘ओ काका, ऐकू येत नाही का?’ ही आपली तोंडी नोटीस.

महोदय / महोदया,

ऐकू येते. कानांची काही तक्रार नाही. पण हॉर्न वाजला तेव्हा मी फुटपाथवर होतो, आणि फुटपाथवर मागून गाडी येते हे माझ्या पिढीच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो आहे. आमच्या वेळी फुटपाथवर मागून कोणी आलेच तर कुत्रे यायचे, आणि तेही बाजूने निघून जायचे. आपण मात्र ब्रेक दाबलात, मला जिवंत ठेवलेत, आणि एवढ्या घाईत असूनही थांबून माझ्या श्रवणशक्तीची चौकशी केलीत. इतकी आपुलकी हल्ली सख्खे दाखवत नाहीत. म्हणून हा अर्ज थेट आपल्याकडे.

आधी तो मी रीतसर एका कार्यालयात नेला होता. तिथल्या साहेबांनी मान वर न करता ‘ऑनलाइन टाका’ म्हणून सांगितले. ऑनलाइन टाकला. दोनच दिवसांत ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला. मी गॅलरीतून खाली पाहिले. निवारण झालेल्या जागेवर सात गाड्या लावलेल्या होत्या, एक तर आडवी.

कागदोपत्री माझी बाजू भक्कम आहे, हे आपल्या माहितीसाठी. रस्त्याला फुटपाथ असेल तर गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीखेरीज त्यावर वाहन चालवायचे नाही, असे १९८९ च्या केंद्रीय नियमावलीत साफ लिहिले होते. मला ती अट फार आवडते. म्हणजे परवानगी मिळू शकते, फक्त पोलीस गणवेशात हवा. आमच्या चौकातले मामा गणवेशात असतात, झाडाच्या सावलीत असतात, आपण त्यांच्या समोरून फुटपाथवर चढता आणि ते मोबाइलमध्ये बघत राहतात. मौन म्हणजे संमती, तेव्हा आपले सगळे कायदेशीरच आहे. पुढे २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा, अडथळे नसलेला फुटपाथ हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कातच येतो. एकूण माझ्याकडे नियम आहे, धोरण आहे आणि राज्यघटना आहे. आपल्याकडे ११० सीसी आहे.

आता जागेबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. १.८ मीटर म्हणजे जेमतेम सहा फूट. एक बाई लेकराचा हात धरून निघाली आहे आणि समोरून दुसरी पिशव्या घेऊन येते आहे, इतकाच त्यात विचार. आमच्या रस्त्यावरचा फुटपाथ नकाशात बहुधा तेवढा असावा. त्यातून विजेचा डीपी वजा करा, त्या डीपीचे कायमचे उघडे दार वजा करा, केबलवाल्याने खांबाला टांगलेले वेटोळे, झाडाचा पार, बसथांब्याची मागची बाजू, भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तोलून धरणारे बांबू, आणि चेंबरचे ते झाकण, जे एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसऱ्या कोपऱ्याने उठून नमस्कार करते. शिवाय बंगल्याबंगल्यासमोर मालकांनी मोटार आत घ्यायला फुटपाथ फोडून उतार केलेत. दर फाटकापाशी उतरायचे आणि पुन्हा चढायचे. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी गुडघे बदलून घेतल्यावर हा नाद सोडला. त्या सरळ रस्त्याच्या कडेने चालतात. म्हणतात, तिथले खड्डे निदान ओळखीचे आहेत.

एवढे सगळे वजा जाऊन जे उरते, ते आपले.

आपल्यासाठी मात्र एक काम मनापासून झाले आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वर चढता यावे म्हणून फुटपाथच्या टोकाला उतार करण्यात आला. खुर्ची काही आली नाही, आपण आलात. मग आपल्याला अडवायला स्टीलचे खांब आले. ते अशा बेताने रोवले की चाकाची खुर्ची अडावी, बाबागाडी अडावी, जाडजूड माणसाने श्वास रोखून तिरके व्हावे, आणि आपण आरसे मिटून, दोन्हीकडे पाय टेकत अलगद निघून जावे. काही महिन्यांनी मधला एक खांब कोणीतरी उपटून नेला. भंगारात स्टीलला बरा भाव मिळत असणार. आता आपल्याला आरसे मिटण्याचेही कष्ट नाहीत. खुर्ची अजून आलेली नाही.

आपल्याशी माझे पिढीजात वैर आहे असे कृपया समजू नये. पुणे हे सायकलींचे शहर होते, वगैरे आपण व्हॉट्सॲपवर वाचले असेलच. मी ते शहर पाहिले आहे म्हणून सांगतो, ते वाचताना वाटते तेवढे रम्य नव्हते. पावसात चेन उतरायची, दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा, आणि उलटा वारा असला की लकडी पूल संपता संपायचा नाही. १९७२ साली लूना आली आणि चेतकही आली, तेव्हा पायांना सुटका मिळाल्यासारखे वाटले. चेतक इथेच आकुर्डीला बनायची, पण नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट बघायचे. आमच्या वाड्यात पहिली स्कूटर आली त्या दिवशी तिला हार घातला, पेढे वाटले आणि रात्री फळी टाकून ती ओसरीवर चढवली. फुटपाथवर लावून द्यावी असे मालकांच्या स्वप्नातही आले नाही. विकत घेतलेली वस्तू आपल्या घरात ठेवायची, इतकी साधी समजूत होती. २०१८ च्या सुमाराला शहरातल्या नोंदलेल्या वाहनांचा आकडा छत्तीस लाखांच्या वर गेला आणि त्याने माणसांना मागे टाकले. आता पुण्यात मूल जन्माला येते तेव्हा त्याच्या वाट्याची गाडी आधीच येऊन थांबलेली असते. कुठे, ते सांगायला नको.

आपण हौसेने वर चढत नाही, हेही मला कळते. खाली रस्त्यावर आपल्यालाही कोणीतरी हॉर्न देत असतेच. एका कडेला पी-१, दुसऱ्या कडेला पी-२, सम तारखेला इकडे आणि विषम तारखेला तिकडे मोटारी लावायच्या असा नियम आहे. आमच्या रस्त्यावर रोजच सम आणि विषम दोन्ही तारखा असतात. उरलेल्या मधल्या पट्टीत सात आसनांची गाडी, आत माणूस एक. तिच्यापुढे पीएमपीची बस, बसच्या पुढे खोदाई. त्या गाडीवाल्याला कोणी काका म्हणत नाही, त्याच्या ऐकण्याबद्दलही शंका घेत नाही. आणि आपल्या पाठीवरच्या चौकोनी पेटीत कोणाची तरी कोथिंबीर आहे. ती दहा मिनिटांत पोचली नाही तर कोणीतरी आपले तारे कापणार आहे.

त्या कोणीतरीमध्ये आमच्या सूनबाईही आल्या. भाजीवाली खाली कोपऱ्यावरच बसायची. पण तिच्यापर्यंत जायला फुटपाथवरून चालावे लागते, फुटपाथवरून चालणे जिवावरचे आहे, आणि ते जिवावरचे आहे कारण तिथून आपण कोथिंबीर घेऊन येत असता. ही साखळी मी सूनबाईंना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सोबत लिंबेही मागवली.

‘बसायची’ म्हणालो, कारण आता ती बसत नाही. पादचाऱ्यांना अडथळा होतो, असा अर्ज आमच्याच भागातल्या सुजाण नागरिकांनी केला होता. पथारीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात सर्वेक्षण आहे, समिती आहे, नोटीस आहे. आला तो एक ट्रक. टोपल्या, तराजू आणि छत्री उचलून गेला. दुपारपर्यंत त्या मोकळ्या जागेत गाड्या लागल्या होत्या. त्यातल्या दोन तर अर्जावर सही करणाऱ्यांच्याच होत्या, मी नंबर ओळखतो. टोपली हे अतिक्रमण असते, कारण तिला नंबरप्लेट नसते. या बाबतीत मला आपला राग येत नाही, आमचा येतो.

पुण्यातले चालणे बंद झाले आहे असा मात्र गैरसमज नको. पहाटे तळजाईच्या टेकडीवर जाऊन पाहा. महागडे बूट, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ, आणि पायथ्याशी गाड्या लावायला जागा नाही म्हणून वादावादी. चालायला जायचे तर गाडी लागते. नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत जॉगिंग ट्रॅकचे चित्र पोहण्याच्या तलावाशेजारीच असते. कुंपणाच्या आत चालले की ती प्रकृतीची काळजी. कुंपणाच्या बाहेर चालले की परिस्थिती बेताची. मला रस्त्याने पायी जाताना पाहून ओळखीचे लोक गाडी हळू करतात आणि काळजीने विचारतात, ‘काय हो, गाडी बंद पडली का?’ मी नाही म्हटले की त्यांची काळजी वाढते. मुलाचे नि माझे बरे आहे ना, इथपर्यंत चौकशी जाते.

वर्षातला एक दिवस आमचा असतो, नाही असे नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा गाड्यांना बंद होतो, आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध चालतो. फार छान वाटते. बैलाला पोळा, तसा आम्हाला हा दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान खाली घालून कामाला.

काही वर्षांपूर्वी याच शहरात एक वयस्क बाई फुटपाथवर आडव्या उभ्या राहिल्या आणि वर चढलेल्या दुचाक्या एकेक करून त्यांनी खाली उतरवल्या. तो व्हिडिओ देशभर फिरला. आपणही तो ‘सलाम’ लिहून पुढे पाठवला असेल, बहुधा फुटपाथवर गाडी लावून. माझ्या अंगात तेवढी धमक नाही. मी अर्ज करणारा माणूस.

तरी परवानगी मिळाल्यास मी एका कडेने, एकट्याने आणि अंग चोरून चालेन. डाव्या खांद्याला आरसा बसवून घेईन. वळण्याआधी हात दाखवेन. आपण ती पद्धत सोडल्यापासून हात दाखवणारे कोणीच उरलेले नाही, तेवढीच परंपरा टिकेल. वाटेत ओळखीचे कोणी भेटले तर उभे राहून बोलणार नाही. (पुण्यात ही अट पाळणे किती अवघड आहे, हे आपण जाणताच.) मांडवाच्या दिवसांत घरीच बसेन. पेव्हर ब्लॉक उखडून तसलेच दुसरे बसवण्याचे काम दरसाल मार्चच्या सुमाराला निघते, तेव्हाही बसेन. काही भाडे द्यायचे असल्यास कळवावे. मिळकतकर भरतोच आहे, त्यात वळते करून घेता आले तर बरे.

हेल्मेटची अट मात्र घालू नये. १ जानेवारी २०१९ ला शहरात हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा तिच्या विरोधात पुणेकर रस्त्यावर उतरले होते, आणि मनाने मी आपल्या बाजूचाच होतो. आज फुटपाथवर हेल्मेटची गरज आपल्यापेक्षा मला जास्त आहे, हे मान्य. पण ते घालून पायी निघालो तर लोक विचारणार, गाडी कुठे लावलीत?

उत्तर लवकर द्यावे. घाई नाही, पण वय झाले आहे.

कळावे, लोभ आहेच, हॉर्न नसावा.

आपला नम्र,
रस्त्यावर आलेला एक पुणेकर

सोबत: १) आधार कार्डाची प्रत. २) मिळकतकराची पावती. ३) उजव्या गुडघ्याचा एक्स-रे. ४) वाहन चालवण्याचा परवाना जोडलेला नाही; चालायला तो अजून लागत नाही, असे समजते. नियम बदलला असल्यास कळवावे.